पिकअपवरच्या कॅम्परला सौर पॅनेल : काम कोणाकडे सोपवावे?

घोडबंदर_रोड

नमस्कार. आमच्या पिकअपच्या हौद्यावर ठेवता आणि उतरवता येणारा कॅम्पर नुकताच तुर्भ्याच्या एका बॉडी बांधणाऱ्या कारखान्यातून तयार होऊन आला आहे. त्याच्या भिंती आणि टप फायबरग्लासचे असून दोन थरांमध्ये फोम भरलेला आहे. टप २.४ मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या मधोमध ४० सेंटिमीटरचा पंख्याचा झरोका आहे. या टपावर सौर पॅनेल बसवायची आहेत.

किती पॅनेल लागतील याचा हिशेब मी केला आहे. ४० लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ४०० ते ५०० वॉट-तास घेईल. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, फोन आणि लॅपटॉप मिळून आणखी ३०० धरले आहेत. २०० वॉटची दोन पॅनेल टपावर आडवी ठेवली, तर आपल्याकडच्या स्वच्छ उन्हाच्या दिवसात सर्व तूट वजा जाता १,४०० वॉट-तासांच्या आसपास वीज हाती यावी, आणि ढगाळ दिवसांत त्याच्या निम्मी. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तासांची, म्हणजे १,२८० वॉट-तासांची आहे. एसी आणि इंडक्शन शेगडी मी विचारातूनच वगळली आहेत.

प्रश्न आहे तो हे काम कोणाकडून करून घ्यावे हा, आणि हिशेबापेक्षा तो मला पुष्कळ अवघड वाटतो. आतापर्यंत मी तीन ठिकाणी बोललो आहे. ज्या कारखान्याने कॅम्पर बांधला, तेथील मिस्त्रींना टपाच्या आत प्लायवुडच्या पट्ट्या कोठे आहेत हे ठाऊक आहे. परंतु विजेचे काम ते "वायर ओढून ठेवतो, पुढचे तुम्ही पाहा" एवढ्यावरच सोडतात. ठाण्यातील एका सौर कंपनीने, जी इमारतींच्या गच्चीवर यंत्रणा बसवते, आनंदाने होकार दिला; मात्र त्यांनी ५४० वॉटचे एकच मोठे पॅनेल आणि घरगुती इन्व्हर्टर सुचवला. तिसरे म्हणजे कोपरीतील गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. गाडीच्या वायरिंगमध्ये त्यांचा हात चांगला आहे, पण पॅनेलची वीज बॅटरीला जुळवून देणारा सौर कंट्रोलर त्यांनी कधी जोडलेला नाही आणि हे त्यांनी स्वतःहून सांगितले. चौथा मार्ग म्हणजे आपण स्वतः करणे.

माझी अपेक्षा अशी, की टप गळू नये, पॅनेल रस्त्यावर सुटू नये आणि वायर तापू नये, आणि या तिन्ही गोष्टींची जबाबदारी घेणारा माणूस नंतरही भेटावा. ज्यांनी असे काम करून घेतले आहे किंवा जे स्वतः या क्षेत्रात आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तारतंत्री_कळवा

मी आयटीआयमधून तारतंत्री झालो आणि बरीच वर्षे गच्चीवरच्या सौर यंत्रणांची जोडणी केली आहे, त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

सौर कंपनीने ५४० वॉटचे पॅनेल सुचवले, यावरूनच त्यांनी आपला टप मोजलेला नाही हे दिसते. ते पॅनेल साधारण २.२८ मीटर लांब, १.१३ मीटर रुंद आणि २८ किलोंच्या आसपास वजनाचे असते. आपल्या टपावर ते झरोका झाकल्याशिवाय बसणारच नाही, कारण झरोक्याच्या दोन्ही बाजूंना फक्त ६५ सेंटिमीटर जागा उरते. २०० वॉटची दोन पॅनेल झरोक्याच्या पुढे आणि मागे एकेक, अशी आडवी नीट मावतात.

गच्चीवरचे काम आणि आपले काम यांत मूलभूत फरक आहे. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आल्यापासून महावितरणच्या यादीतील कंपन्यांकडे घरगुती कामांची रीघ लागली आहे. त्या कामात पॅनेलची लांब माळ करून कित्येकशे व्होल्टचा प्रवाह इन्व्हर्टरला देतात आणि तेथून तो ग्रिडला जातो. बॅटरी बहुतेक वेळा नसतेच. त्यामुळे तेथे प्रवाह कमी आणि व्होल्टेज जास्त असते. आपल्याकडे उलट आहे. १२ व्होल्टवर ४०० वॉट म्हणजे ३० अँपिअरच्या वर प्रवाह, आणि कमी व्होल्टेजवर एवढा प्रवाह वाहू लागला की वायरची जाडी, वायरीच्या टोकाला लावायच्या थिंबलचे क्रिम्पिंग म्हणजे दाबून बसवणे, आणि प्रत्येक स्क्रूचा ताण यांना महत्त्व येते. जाता जाता सांगतो, योजनेतील ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान घराच्या छतावरील ग्रिडला जोडलेल्या यंत्रणेसाठी आहे. गाडीवरच्या पॅनेलला ते मिळवून देतो असे कोणी म्हणाल्यास तेथूनच परत फिरावे.

एक उदाहरण देतो. गेल्या वर्षी माझ्याकडे दुरुस्तीसाठी एक व्हॅन आली होती, जिच्या पॅनेलच्या वायरीवर घरातल्या विजेच्या पाटीत बसवतात तो एसीचा, म्हणजे घरच्या दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहासाठीचा, एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) लावलेला होता. एसी प्रवाह दर आवर्तनात दोनदा शून्यावर येतो, म्हणून संपर्क सुटताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. पॅनेल आणि बॅटरीचा डीसी प्रवाह एकाच दिशेने वाहतो आणि शून्यावर येत नाही. तेथे ठिणगी तशीच जळत राहू शकते. त्या व्हॅनमधल्या एमसीबीचे प्लास्टिक आतून वितळलेले होते. ज्यांनी ते बसवले ते अनेक वर्षांचे अनुभवी वायरमन होते, पण त्यांचा सगळा अनुभव एसीवरचा होता.

म्हणून माझा सल्ला असा आहे, की माणूस कोणत्या दुकानाचा आहे हे नंतर पाहा. प्रथम त्याला कागद द्या आणि पॅनेलपासून बॅटरीपर्यंतचा आराखडा काढायला सांगा. कोठे कोणता फ्यूज, वायर किती चौरस मिलिमीटरची, डीसी ब्रेकर कोठे, हे त्याने न विचारता लिहिले तर पुढे बोला.

नेरूळ_पूर्व

माझा फायबरग्लासच्या कामाशी थेट संबंध आहे, म्हणून मी विजेपेक्षा टपाबद्दल लिहितो. माझ्या मते आपल्या हवामानात निर्णय टपावरूनच व्हायला हवा. वायर चुकली तर ती काढून दुसरी टाकता येते. फोमच्या आत पाणी शिरले तर टप उघडावा लागतो.

ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच पडतो. टपाला पाडलेले प्रत्येक भोक या पावसाला तोंड देणार आहे, तेही चालत्या गाडीत, जिथे पाणी वाऱ्याच्या दाबाने वर चढून सांध्यात घुसते. शिवाय गळती लगेच दिसत नाही. पाणी आधी प्लायवुडच्या पट्टीत मुरते, पट्टी कुजते, स्क्रूची पकड जाते, आणि छताच्या आतल्या बाजूला डाग उमटेपर्यंत एखाददुसरा पावसाळा उलटलेला असतो. तोपर्यंत काम करणाऱ्याने दिलेली तोंडी हमी कोणाच्याच लक्षात नसते.

आता पकडीबद्दल. ताशी १०० किलोमीटर वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब एका चौरस मीटरवर ४७ किलोंच्या आसपास भरतो. २०० वॉटचे पॅनेल साधारण एक चौरस मीटरचेच असते, आणि हवा त्याच्या खाली शिरली तर ते उचलले जाते. त्यात समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत आणि घाटातले हादरे मिळवा. पातळ फायबरग्लासमध्ये नुसता स्क्रू पिळून हे पेलणार नाही. स्क्रू प्लायवुडच्या पट्टीतच गेला पाहिजे, किंवा आतून ॲल्युमिनियमची पट्टी देऊन आरपार बोल्ट मारला पाहिजे. या पट्ट्या नेमक्या कोठे आहेत हे ज्याने टप बांधला त्यालाच माहीत असते. तुमच्या यादीतील कोणाकडेही ही माहिती नाही, फक्त तुर्भ्याच्या मिस्त्रींकडे आहे.

भोके न पाडता चिकटवण्याचाही मार्ग आहे. सिकाफ्लेक्स २५२ सारखे पॉलियुरेथेनचे चिकटद्रव्य बसच्या बॉडीसाठी वापरतात आणि त्याची पकड उत्तम असते. पण पृष्ठभाग घासून, पुसून आणि सांगितलेले प्रायमर लावूनच ते वापरायचे असते. ते हवेतील ओलाव्याने बाहेरून आत पक्के होत जाते, म्हणून गाडी काही दिवस हलवायची नसते. संध्याकाळी चिकटवून सकाळी गाडी घेऊन जा म्हणणाऱ्याला हे काम देऊ नये. माझी पसंती दोन्ही एकत्र करण्याला आहे, म्हणजे पॅनेल ज्या पायांवर बसते त्यांच्याखाली पॉलियुरेथेन आणि प्रत्येक पायाला पट्टीत गेलेले दोन बोल्ट.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे साधे सिलिकॉन मात्र टपाला लावू देऊ नये. त्याचा आंबूस वास येतो तो ॲसिटिक आम्लाचा असतो आणि ते धातूला खाते. शिवाय एकदा सिलिकॉन लागले की त्या जागी नंतर रंग, गोंद, दुसरे सीलंट यांपैकी काहीही नीट धरत नाही. मिस्त्री कोणते सीलंट वापरतात एवढे एकच विचारले तरी कामाची पुष्कळशी कल्पना येते.

रबाळे_रहिवासी

एवढी चौकशी करायची तर स्वतःच का करू नये? मल्टिमीटर आणि चांगले क्रिम्पिंगचे अवजार घेतले तर खर्चही वाचेल आणि यंत्रणा आपल्याला आतून कळेल. वाटेत बिघाड झाल्यास तेच ज्ञान उपयोगी पडते.

घोडबंदर_रोड

रबाळेकर, यंत्रणा आतून कळावी हा आपला मुद्दा मला मान्य आहे, आणि काम चालू असताना मी शेजारी उभा राहणार आहे. परंतु टपावर चढून भोके पाडण्याचे काम मी करणार नाही. आमच्या सोसायटीत ते करायला जागा नाही, आणि नेरूळ_पूर्व यांचे वाचल्यावर मला ते करूही नये असे वाटते.

खाडीकाठ

या चर्चेत एक पर्याय कोणी मांडलेला नाही, तो मांडतो. ससून डॉक आणि माझगावच्या बाजूला होड्यांचे विजेचे काम करणारे लोक आहेत, आणि त्यांपैकी काही नवी मुंबईत येऊनही काम करतात. होडी म्हणजे १२ किंवा २४ व्होल्टची डीसी यंत्रणा, बॅटरी, सतत हादरे आणि खारे पाणी. कॅम्परमध्ये यातले खारे पाणी सोडून सगळेच आहे, आणि ठाण्याच्या खाडीच्या दोन्ही काठांवर राहणाऱ्यांनी खारी हवाही त्यात धरावी.

त्यांच्या हाताला लागलेल्या सवयी आपल्या उपयोगाच्या आहेत. ते कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची, अनेक बारीक तारांची वायर वापरतात. ती हादऱ्याने तुटत नाही आणि आतून हिरवी पडत नाही. थिंबल पकडीने दाबून न बसवता ते मापाच्या डायने क्रिम्प करतात आणि वर गोंद असलेली उष्णतेने आकसणारी नळी चढवतात. वायर दर थोड्या अंतरावर बांधतात, जेणेकरून ती पत्र्याच्या कडेवर घासू नये. बॅटरीचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आत लावतात. कारण फ्यूजच्या अलीकडे वायर घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारे काहीच उरत नाही. त्यांचा दर थोडा जास्त असतो. पण आपले एकूण काम एका दिवसाचे आहे, त्यामुळे फरक फार पडू नये.

पॅनेलच्या चौकटीचे ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट जेथे एकमेकांना टेकतात, तेथे खाऱ्या दमट हवेत ॲल्युमिनियम पांढरे पडून खात जाते. मध्ये नायलॉनचा वॉशर घालायला सांगावे.

डोंगरवाट

आम्ही दोघे आमच्या कॅम्परने हिमाचल आणि लडाखपर्यंत जाऊन आलो आहोत. मला असे जाणवले, की बसवणाऱ्याने आपण कोठे जाणार हे विचारले की नाही, यावरून तो कसा माणूस आहे ते कळते.

लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शून्य अंश सेल्सिअसच्या खाली चार्ज करायची नसते. तसे केल्यास आतल्या सेलचे कायमचे नुकसान होते. ठाण्यात बसून हा प्रश्न कोणाला सुचत नाही. सकाळी स्पितीतल्या काझ्याला बर्फासारख्या थंड डब्यातील बॅटरीवर पहिले कोवळे ऊन पडलेल्या पॅनेलमधून प्रवाह येऊ लागतो, तेव्हा बॅटरीच्या बीएमएसने, म्हणजे तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने, तो थांबवला पाहिजे. सगळ्या बीएमएसमध्ये ही सोय नसते. आमच्या कामाच्या वेळी ज्या गृहस्थांनी हा प्रश्न स्वतःहून काढला, त्यांनाच आम्ही काम दिले. त्यांनी बॅटरी कॅम्परच्या आत, पलंगाखाली घेतली, बाहेरच्या पेटीत ठेवली नाही.

थंडीत पॅनेलचे व्होल्टेजही वाढते, साधारण दर अंशाला ०.३ टक्के. दादा, तुमची दोन पॅनेल एकामागोमाग, म्हणजे सिरीजमध्ये जोडली, तर भाराविना ४८ व्होल्टच्या आसपास येतील आणि उणे १० अंशांत ५३ पर्यंत जातील. बाजारात ५० व्होल्टपर्यंतच चालणारे स्वस्त कंट्रोलर आहेत. ते ठाण्यात चालतील आणि स्पितीत जळतील. १०० व्होल्टपर्यंतचा एमपीपीटी, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा कंट्रोलर, घेतल्यास ही चिंता राहत नाही.

दुसरे म्हणजे पिकअपच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या जनित्रावरून, कॅम्परची बॅटरी भरण्याचा विषय. पावसाळ्यात तोच खरा आधार असतो. अनेक बीएस-६ गाड्यांमध्ये अल्टरनेटरचे व्होल्टेज गाडीचा संगणक वर-खाली करतो, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या रिलेने लिथियम बॅटरी नीट भरत नाही, आणि रिकामी लिथियम बॅटरी थेट जोडल्यास ती इतका प्रवाह ओढते की अल्टरनेटर तापतो. मध्ये व्होल्टेज आणि प्रवाह आवरून बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर हवा. तुमचा कॅम्पर उतरवता येणारा असल्याने गाडी आणि कॅम्पर यांच्यामध्ये अँडरसन प्लगसारखी जाड जोडणीही लागेल. सौर कंपनीला हा भाग कळणार नाही. कोपरीच्या इलेक्ट्रिशियनना मात्र तो नक्की कळेल. त्यांनी आपल्याला काय येत नाही हे प्रामाणिकपणे सांगितले, याची मी तरी नोंद घेतली असती.

एमएच४३_वाशी

विषय थोडा कागदपत्रांकडे नेतो, कारण काम कोणाला द्यायचे याच्याशी तो जोडलेला आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात बदल करताना निर्मात्याने ठरवलेला मूळ तपशील बदलता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तेव्हा बसवणारा "काही होत नाही, सगळे करतात" असे म्हणत असेल तर ते ऐकून घेऊ नये. दंड मालकाला होतो, बसवणाऱ्याला नव्हे. पॅनेलच्या जागा, उंची आणि वजन दाखवणारा आराखडा घेऊन काम सुरू करण्यापूर्वी आपल्या आरटीओत लेखी विचारावे. आपली गाडी एमएच-०४ असेल तर ठाण्याला, एमएच-४३ असेल तर नवी मुंबईच्या आरटीओत. आराखडा आणि वजनाचा कागद जो बसवणारा देऊ शकत नाही, तो आपल्याला येथे अडचणीत आणेल.

विमा कंपनीलाही कळवावे. मूळ गाडीबरोबर न आलेल्या विजेच्या साहित्याचे मूल्य जाहीर करून जादा हप्ता भरता येतो. आगीचा दावा करण्याची वेळ आलीच, तर पक्के बिल आणि आराखडा हेच हाती असतात. त्यामुळे बिलाशिवाय कमी दरात काम करतो म्हणणारा प्रत्यक्षात स्वस्त पडत नाही.

घोडबंदर_रोड

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या प्रतिसादांनंतर सौर कंपनीचा पर्याय मी बाजूला ठेवला आहे. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांचे काम इमारतीच्या गच्चीचे आहे.

आता माझ्या मनात असे येते, की काम दोघांत वाटावे. टपावर पॅनेल बसवणे, भोके आणि सीलंट तुर्भ्याच्या कारखान्याकडे. आणि पॅनेलच्या वायरींपासून बॅटरीपर्यंत सर्व काही होड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे. खाडीकाठ यांच्या सूचनेवरून मी एकांशी बोललो. मी काही विचारण्याआधीच त्यांनी पॅनेल सिरीजमध्ये का जोडावीत हे सांगितले. ६ मीटर अंतरासाठी, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर, ४ चौरस मिलिमीटरची वायर धरली आणि पॅनेल समांतर जोडली तर २० अँपिअरला एक व्होल्टपेक्षा थोडे जास्त वाटेतच जाते. मे महिन्यात तापलेल्या पॅनेलचे व्होल्टेज आधीच १७ च्या आसपास उतरलेले असते, आणि बॅटरीला १४.४ हवे असतात, म्हणजे कंट्रोलरच्या हाती फारसे काही उरत नाही. सिरीजमध्ये प्रवाह निम्मा होतो, तूट अर्धा व्होल्ट राहते आणि तीही दुप्पट व्होल्टेजवर. हे त्यांनी कागदावर करून दाखवले.

तारतंत्री_कळवा

त्या गृहस्थांचा हिशेब बरोबर आहे. मात्र काम वाटण्याला माझी हरकत आहे, आणि ती अनुभवातून आलेली आहे. पाणी वायरीच्या बाजूने आत आले तर कारखाना म्हणेल वायरवाल्याने ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसून पाणी अडवणारा भाग) ढिला ठेवला, वायरवाला म्हणेल भोक मोठे पाडले. दोन माणसांमध्ये मालकच दोषी ठरतो. एकाच माणसाकडे पूर्ण काम असावे, भले त्याने आपल्या खाली दुसऱ्याला आणावे.

नेरूळ_पूर्व

तारतंत्री यांची भीती खरी आहे, पण उपाय एकच माणूस हा नसावा असे मला वाटते, कारण दोन्ही कामे सारख्याच चांगल्या रीतीने करणारा माणूस आपल्या भागात सहज मिळत नाही. एकाच माणसाच्या आग्रहापायी आपण एका कामात कमकुवत असलेला माणूस निवडतो, आणि बहुधा टपाचेच काम त्याचे कच्चे असते. त्यापेक्षा दोघांमधली सीमा कोठे आहे हे आधी लिहून ठरवावे. ही सीमा टपावरच्या केबल ग्लँडच्या पेटीवर असावी. पेटी चिकटवणे, तिच्याखालचे भोक आणि तिच्यातून पाणी न येणे हे कारखान्याकडे. वायर त्या पेटीतून ओवायचे कामही कारखान्यानेच करावे. इलेक्ट्रिशियनने फक्त योग्य जाडीची वायर आधी आणून द्यावी आणि आतल्या टोकापासून पुढे काम करावे. म्हणजे टपाच्या वर इलेक्ट्रिशियनचा हात लागतच नाही.

तारतंत्री_कळवा

अशी वाटणी असेल तर माझी हरकत उरत नाही. फक्त एक जोडावे: पॅनेलच्या वायरीला येणारे एमसी-४ नावाचे प्लगसारखे कनेक्टर आणि वायरीचे कनेक्टर एकाच कंपनीचे हवेत. दिसायला ते एकमेकांत बसतात, पण वेगवेगळ्या कंपन्यांचे सांधे कालांतराने तापतात, आणि कनेक्टर टपावर पॅनेलखाली असल्याने ते कोणाला दिसत नाही. ते सांधे इलेक्ट्रिशियनने खाली जमिनीवर असतानाच क्रिम्प करून द्यावेत.

घोडबंदर_रोड

निर्णय झाला आहे, तो येथे नोंदवतो.

टपाचे काम तुर्भ्याच्या कारखान्याकडे, आतले विजेचे काम होड्यांच्या इलेक्ट्रिशियनकडे, आणि गाडीकडून येणारी डीसी-डीसी चार्जरची वायर व अँडरसन प्लग कोपरीच्या इलेक्ट्रिशियनकडे. डोंगरवाट ताईंचा त्यांच्याविषयीचा शेरा मला पटला. तिघांना एकच आराखडा दिला आहे, जो होड्यांच्या इलेक्ट्रिशियनने काढला आणि बाकी दोघांनी पाहून सही केली. त्यात १०० व्होल्ट आणि ३० अँपिअरचा एमपीपीटी, कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यामध्ये १० चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीलगत ४० अँपिअरचा फ्यूज आणि पॅनेलच्या बाजूला दोन्ही तारा तोडणारा डीसी आयसोलेटर आहे. तोच आराखडा वजनांसह आरटीओच्या अर्जाला जोडला आहे आणि लेखी उत्तर येईपर्यंत टपाला भोक पाडले जाणार नाही.

पैशांचे असे ठरले, की कारखान्याची शेवटची चौथाई रक्कम पाण्याच्या चाचणीनंतर द्यायची. छताचे आतले अस्तर त्या चाचणीपर्यंत लावायचे नाही; पाइपने एक तास सर्व बाजूंनी पाणी मारून आतून कोरडा टिश्यू फिरवायचा. होड्यांच्या इलेक्ट्रिशियनची शेवटची रक्कम भर उन्हात, फ्रिज चालू असताना, क्लॅम्प मीटरने प्रवाह आणि अर्ध्या तासानंतर प्रत्येक सांध्याचे तापमान पाहून द्यायची. दोघांनीही आढेवेढे न घेता मान्य केले.

एक शंका उरली आहे. पॅनेल आणि टप यांच्यामध्ये जागा किती ठेवावी? कारखाना म्हणतो पॅनेल टपाला अगदी टेकवून बसवले तर वारा कमी लागतो.

नेरूळ_पूर्व

टेकवू नका. पॅनेलचे उत्पादन दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के घटते, आणि मे महिन्यात टपावर ते ६५ अंशांपर्यंत सहज जाते, म्हणजे प्रमाणित २५ अंशांच्या तुलनेत १४ टक्के तेथेच गेले. खाली हवा खेळली नाही तर ते आणखी तापते आणि खालच्या फोमलाही तापवते. दोन ते तीन सेंटिमीटर जागा ठेवा आणि वाऱ्याचा प्रश्न पुढच्या पॅनेलच्या समोर तिरकी ॲल्युमिनियमची पट्टी देऊन सोडवा. ती हवा वरून वळवते. पट्टीच्या दोन्ही बाजू मोकळ्या राहू द्या, नाहीतर तेथे पाने आणि चिखल साचतो.

खाडीकाठ

आणि जोडताना इलेक्ट्रिशियन आधी बॅटरी कंट्रोलरला जोडतील आणि मग पॅनेल. सोडवताना याच्या उलट. बहुतेक कंट्रोलर बॅटरीवरून व्यवस्था १२ व्होल्टची आहे की २४ ची हे ओळखतात, म्हणून हा क्रम आहे. कॅम्पर उतरवून सोसायटीच्या स्टिल्टखाली ठेवणार असाल, तर तेथे ऊन नसल्याने बीएमएस आणि कंट्रोलर मिळून बॅटरी हळूहळू उतरवतात. आयसोलेटर आणि बॅटरीचा मुख्य स्विच दोन्ही बंद करण्याची सोय पलंगाच्या बाहेरून हाताला येईल अशी करून घ्या, आणि पहिल्या काही शे किलोमीटरनंतर टपावरचे सगळे बोल्ट टॉर्क पाना लावून कारखान्याकडूनच तपासून घ्या.

घोडबंदर_रोड

दोन्ही सूचना आराखड्यावर लिहून घेतल्या आहेत आणि बोल्टची तपासणी कारखान्याच्या बिलात समाविष्ट करायला सांगितले आहे. आरटीओचे उत्तर आले की त्यातील अटी येथेच टाकीन.